जाड भिंतीचा करंडा

बाबा, तुम्ही गेल्याला आज एकवीस दिवस झाले. तुमच्या नातीचा, ईराचा करंडा वीस दिवस लेथच्या चकात तसाच धरलेला होता, अर्धवट कोरलेला, वर तुमचा चौकड्यांचा गमछा टाकलेला. तेराव्याला घर माणसांनी भरलं, मागच्या व्हरांड्यातही पंगत बसवावी लागली, तेव्हा श्रीकांत म्हणाला, "हा करंडा काढून आत ठेवू का?" मी अशी खेकसले की तुमचे चिरंजीव ताटांची चळत हातात घेऊन जागच्या जागी उभे राहिले. चकातून एकदा काढलेलं लाकूड पुन्हा नेमकं मध्यावर बसत नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार? या घरात ते फक्त सासऱ्याला आणि सुनेला ठाऊक होतं. काल तो गमछा निघाला. का निघाला, ते सांगायला बसले आहे.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो. ब्याऐंशीव्या वर्षी काय हात होता हो सरांचा! लश्कर भागातली आपली मराठी मंडळी येतात, तुमचे आयटीआयचे जुने विद्यार्थी येतात, त्यातले काही आता स्वतः आजोबा झालेत, आणि सगळ्यांच्या लेकीबाळींकडे तुमचा एकेक करंडा आहे. ग्वाल्हेर सोडून सासरी जाणाऱ्या ओळखीच्या प्रत्येक मराठी मुलीला तुम्ही कुंकवाचा करंडा द्यायचात. हल्लीच्या मुली त्यात कुंकू सोडून सगळं ठेवतात. कुणी टिकल्यांची पाकिटं, कुणी कानातले, आणि एकीने तर त्यात मोबाईलचं जुनं सिमकार्ड जपून ठेवलंय. तुम्हाला त्याचं काही वाटत नसे. "झाकण लावते ना? मग झालं," म्हणायचात. तर लोक तुमच्या हाताचं कौतुक करतात आणि मी चहाचा ट्रे घेऊन मान हलवते. बाबा, मी त्यांना खोटं सांगत नाही, पण खरंही सांगत नाही. ते तुम्हालाच सांगायचं होतं आणि तुम्ही असताना माझं धाडस झालं नाही.

सुरुवातीपासून सांगते. नऊ वर्षांपूर्वी शाळेच्या जिन्यावरून पडून माझा पाय मोडला आणि मी दीड महिना घरी बसले. दिवसभर करणार काय? व्हरांड्यात खुर्ची टाकून तुमचं काम बघत बसायचे आणि गणिताच्या बाईंच्या सवयीने सूचना करायचे. हे गोल नीट आलं नाही, ते डावीकडे जास्त गेलं. चार दिवस तुम्ही ऐकून घेतलंत. पाचव्या दिवशी लेथ बंद केलात आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर लाकूड कोरायचे तीन स्क्रेपर मांडलेत. "तोंड खूप चालवलंस, आता हात चालव. यातला एक उचल."

एक पातळ आणि चकचकीत होता. एकाला सुंदर रंगवलेली मूठ होती. तिसरा ट्रकच्या कमानीचा पट्टा कापून केलेला, बोटाएवढा जाड, काळाकुट्ट, आंब्याच्या लाकडाची ओबडधोबड मूठ. मी अर्थातच चकचकीत उचलला. तुम्ही लेथ सुरू केलात आणि म्हणालात, "लाव." मी तो लाकडाला लावला मात्र, असा किंचाळला तो, की स्वयंपाकघरातून कामवाली धावत आली. लाकडावर माशाच्या खवल्यांसारख्या खुणा उमटल्या. मग तुम्ही काळा पट्टा माझ्या हातात दिलात, टूल रेस्टच्या आडव्या पट्टीवर सपाट टेकवायला लावलात, मूठ जरा वर उचललीत. "नाक खाली. आणखी खाली. आता ढकलू नको, नुसतं टेकव." काही आवाजच झाला नाही. लाकडाचा तलम कीस निघून माझ्या मनगटावर पडत राहिला. तुम्ही म्हणालात, "पातळ हत्यार थरथरतं. जाड हत्यार स्वतःच्या वजनाने गप्प बसतं. घेताना चमक बघू नये, जाडी बघावी." त्या दिवशी मी पाय मोडल्याबद्दल देवाचे आभार मानले होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग ती खंडेनवमी. आठवली की अजून कानशिलं गरम होतात. तुमचे पूर्वज दक्षिणेतून तलवारी घेऊन इकडे आले म्हणे, पण माझ्या लग्नापर्यंत तलवार काय, घरात साधी कट्यारही उरली नव्हती. तुमच्याकडे खंडेनवमीला पाटावर लेथची हत्यारं मांडायची पद्धत पडली होती. मी नवी शिष्या, उत्साह उतू चाललेला. आदल्या दिवशी तुम्ही बाहेर गेलात तेव्हा मी सगळे स्क्रेपर काढले, तेलाच्या दगडावर दोन्ही बाजूंनी घासले, मग पॉलिश पेपर, मग पितांबरी. आरशासारखे केले. पाटावर ओळीने मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली. तुम्ही पूजा केलीत, नमस्कार केलात आणि मूठ धरायला एक उचललात. धारेवरून अंगठा वर ओढलात. मग दुसरा. मग तिसरा. अकराच्या अकरा तपासलेत आणि माझ्याकडे वळलात.

"वृंदा, याची लव कुठे गेली?"

मला काय ठाऊक कसली लव! स्क्रेपर धारेने कापतच नाही. धार लावताना तिच्या टोकावर जी पोलादाची बारीक कड वर वळते, डोळ्यांना न दिसणारी, बोटाला जेमतेम अडकणारी, ती कापते. तीच मी घासून घासून काढून टाकली होती, अकरा हत्यारांची, पूजेसाठी. श्रीकांत हसून हसून लोळला. तुम्ही हसला नाहीत. जुन्या मोटारीच्या इंजिनातली व्हॉल्व्हची दांडी आणलीत आणि दसऱ्याचा अख्खा दिवस माझ्या शेजारी बसून एकेक कड पुन्हा वळवून दाखवलीत. संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला मात्र आवर्जून सांगितलंत, "आमच्या सूनबाईंनी शस्त्रांची अशी पूजा केली की शस्त्रंच निवृत्त झाली." दर वर्षी सांगायचात. यंदाही सांगितलंत.

आपलं भांडण कुठे झालं, तर हजीऱ्याच्या बाजारातल्या त्या स्क्रेपरवरून. तुमच्या पंचाहत्तरीला मी तो हौसेने आणला होता. जुनी कानस घासून केलेला, जाड होता, वजनदार होता, तुमचे सगळे नियम पाळून निवडला होता मी. तुम्ही कागद सोडलात, उलटसुलट बघितलात, "कानस आहे" म्हणालात आणि उठून तो लोखंडी शिकंज्यात आवळलात. वर पोतं टाकलंत आणि एक हातोडा मारलात. काचेसारखे दोन तुकडे. पोतं उचलून मला दाखवलेत. "कानस कडक असते, पण तिला वाकणं माहीत नाही. फिरत्या लाकडात अडकली तर अशी मोडते, आणि मोडलेला तुकडा तोंडावर येतो. कुणाच्याही सांगण्यावरून कानशीचं हत्यार घ्यायचं नाही." सगळं खरं होतं बाबा. पण ती भेट होती. वाढदिवसाच्या दिवशी, केक कापायच्या आधी! मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी तुम्ही बेडईच्या गरम पुऱ्या घेऊन आलात आणि पुडा माझ्यासमोर ठेवून म्हणालात, "तुझे डोळे त्या भेटीपेक्षा महाग आहेत. आता खा." ही माफी होती की नाही, यावर मी आणि श्रीकांत अजून वाद घालतो.

पण खरी बोच वेगळीच होती. तुम्ही मला लाटणी करू दिलीत. भोवरे, रव्या, पाळण्याच्या दांड्या, देवघराचे खांब, सगळं करू दिलंत. करंडा नाही. दर संक्रांतीला मी विचारायचे आणि दर संक्रांतीला तुम्ही तिळाच्या गजकचा तुकडा मोडत म्हणायचात, "अजून नाही." का नाही, ते सांगायचा नाहीत. एकदा मीच हट्टाला पेटले, तर म्हणालात, "लाटणं बिघडलं तर पोळी वाकडी होते. करंडा पोरगी जन्मभर सोबत नेते." म्हणजे माझा हात पोळीपुरता! मी गणिताच्या वर्गात नापास पोरांना जो धीर देते, तेवढाही तुम्ही मला दिला नाहीत. परदेशी पोलादाचा एक महागडा स्क्रेपर मी कुरियरने मागवला तेव्हा "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणून मोकळे झालात. आणि पुढल्या महिन्यात मुकाट्याने तोच वापरायला लागलात, हेही मी पाहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत तुमचा हात कापायला लागला. तुम्ही म्हणालात गारठा. होळी झाली, उन्हाळ्याची लू सुरू झाली, तरी गारठा गेला नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तुम्ही त्या बशीखाली लपवल्यात. चहाचा कप तुम्ही दोन्ही हातांनी धरायला लागलात आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघायला शिकलो.

तशात लग्न होऊन नाशिकला जाणाऱ्या, ओळखीतल्या नेहाचा करंडा करायला आला. तुम्ही सकाळभर काम केलंत, दुपारी झोपलात, पाच वाजता नेहमीसारखे ई-रिक्षाने फूलबागेत तुमच्या पेन्शनर मंडळींच्या बाकावर गेलात. करंडा चकातच होता. तुमचा नियमच तो. कोरून झालेलं लाकूड रात्रभर चकात बसू द्यायचं, त्याला काय हलायचं ते हलू द्यायचं, सकाळी हात फिरवून बघायचं आणि मग लाख चढवायची. मी सहज बघायला गेले. आत बोट घातलं आणि बोट थांबलं. तळाशी खाचा होत्या. झाकण बसायचा काठ लाटेसारखा वरखाली झाला होता. नेहाची आई दोन दिवसांनी करंडा न्यायला येणार होती आणि तुमच्या हाताची कीर्ती ऐकून नाशिकचे व्याही तो पाहणार होते.

मी काळा पट्टा घेतला. दाराला कडी लावली, आपल्याच घरात. नाक खाली, मूठ वर, नुसतं टेकवायचं. अर्ध्या तासात खाचा गेल्या, काठ सरळ झाला, झाकण बसलं. कीस झाडून कचऱ्यात टाकला नाही, पिशवीत भरून बाहेर फेकून आले. सात वाजता तुम्ही आलात तेव्हा मी कणीक मळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही करंड्यात बोट घातलंत. मी दारात उभी होते. बराच वेळ तुमचं बोट आतल्या आत फिरत राहिलं. मग म्हणालात, "हं. काल हात बरा होता." आणि लाखेची कांडी उचललीत. मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी, खरं सांगते, मला रागही आला. काम माझं आणि हात बरा तुमचा!

त्यानंतर हे चालूच राहिलं. पावणेदोन वर्षांत अकरा करंडे झाले. दर करंड्याला, पाच वाजता तुम्ही फूलबागेत गेलात की मी कडी लावायचे. मनाला समजवायचे की हे तुमच्यासाठी आहे, तुमच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून आहे. अर्धं खरं होतं ते. अर्धं असं की तुम्ही मला कधी दिला नाहीत तो करंडा मी चोरून मिळवत होते. त्या तासाभरात मी जेवढी सुखात असायचे तेवढी वर्गात कधी नव्हते. आजारी माणसाच्या थरथरीवर मी माझी हौस भागवून घेत होते. हे मी श्रीकांतलाही कधी सांगितलं नाही.

तिसऱ्या का चौथ्या करंड्यापासून एक गोष्ट बदलली. तुमच्या करंड्यांच्या भिंती जाड यायला लागल्या. तुमच्या करंड्याची भिंत म्हणजे भाकरीचा पापुद्रा, उजेडात धरली तर लाकडाच्या रेषा दिसायच्या. आणि आता ही जाडजूड, उखळासारखी भांडी! काठही जाड, झाकण तर बसतच नसे, इतका. माझं अर्ध्या तासाचं काम दीड तासावर गेलं. मी श्रीकांतला म्हटलं, "बाबांचा अंदाज चुकायला लागलाय." आम्ही तुम्हाला डोळे तपासायला घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. परतताना रिक्षात तुम्ही गालातल्या गालात हसत होतात, तेव्हा मला वाटलं डोळे चांगले निघाले म्हणून. शेवटच्या दोन करंड्यांना तर तुम्ही बाहेरचाही नुसता ढोबळ आकार दिला होतात. बाकी सगळं मीच केलं. आणि सकाळी तुमचं तेच: "हं. काल हात बरा होता."

मग ईराचं लग्न ठरलं, येत्या वैशाखातलं. तुमच्या नातीचा करंडा म्हणून तुम्ही नेहमीचं दुधीच्या झाडाचं पांढरं लाकूड बाजूला सारलंत आणि जपून ठेवलेला शिसवीचा ठोकळा काढलात. दोन दिवस त्यावर होतात. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा अर्धा पिऊन खुर्चीत मागे टेकलात, आणि मी कप उचलायला आले तेव्हा तुम्ही नव्हता.

ईरा बंगलोरहून आली ती इथेच राहिली आहे, घरूनच तिचं ऑफिस चालतं. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने गमछा उचलून आत बघितलं. करंडा कसा होता ते तुम्हाला सांगायला नको. भिंत अंगठ्याएवढी जाड, आतून ओरबाडलेला, आणि एका बाजूला तर तुमचं हत्यार अडकून पार खोल खड्डा पडलेला. ती रडली आणि मला म्हणाली, "आई, इसको मत छेड़ना, हां. आजोबांचा शेवटचा हात आहे त्याच्यावर. झाकण नाही बसलं तर नाही बसलं, मैं ऐसे ही ले जाऊँगी." श्रीकांतनेही तेच म्हटलं. मी गमछा पुन्हा वर टाकला. काय सांगणार होते? की लोक ज्याला आजोबांचा हात म्हणतात तो पावणेदोन वर्षं अर्धा माझा होता? लोकांना कळण्याची मला भीती नव्हती बाबा. ते दोन दिवस कुजबुजतील आणि विसरतील. माझी भीती तुमची होती. ज्या माणसाला हातापलीकडे दुसरं नाव नव्हतं, त्याच्या हाताला मी पाठीमागून दुरुस्त करत होते. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? आणि आता कळणार कसं? वीस दिवस मी त्या गमछ्याजवळून जाताना मान वळवून गेले.

परवा संध्याकाळी रफीकभाई आले. हजीऱ्याहून, तुम्हाला लाकूड देणारे. ते गावी गेले होते, त्यांना उशिरा कळलं. पोत्यात चार ठोकळे घेऊन आले होते, तुम्ही गेल्या महिन्यात सांगून ठेवलेले. तुमच्या खुर्चीला हात लावून जमिनीवरच बसले. मी पाणी दिलं. पोतं सोडलं तर आत दुधीचे हे जाड ठोकळे, करंड्याला लागतात त्याच्या दीडपट. मी म्हटलं, "भाईसाहब, इतने मोटे? करंडे के लिए तो..."

"मास्साब का ही नाप है, बेटा. दो साल होने को आए. एक दिन बोले, रफीक, लकड़ी का गुटका अब मोटा काटा कर. मैंने कहा, मास्साब, करंडा तो उतना ही बनना है, लकड़ी क्यों बर्बाद करते हो? तो हँसने लगे. बोले, बर्बाद नहीं जाती. अब इस पे दो हाथ चलते हैं. मैं उतरता हूँ तो बहू चढ़ती है. उसके लिए माल छोड़ना पड़ता है, मैं ही पतला कर दूँ तो वो काहे पे हाथ चलाएगी?"

मी तिथेच पायरीवर बसले. रफीकभाई घाबरले, त्यांना वाटलं आपण काही चुकीचं बोललो. मी हसत होते आणि पदराने डोळे पुसत होते, आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बेटा, तारीफ में ही बोले थे, तारीफ में."

म्हणजे मी चोरासारखी कडी लावत होते आणि तुम्ही चोराला रोज शिडी लावून देत होतात! पाच वाजता छडी घेऊन वेळेवर निघत होतात, कधी पाऊस असला तरी. सात वाजेपर्यंत परतत नव्हता. मी तुमचे डोळे तपासायला नेते आणि तुम्ही रिक्षात हसता! बाबा, मला तुमचा फार राग आला. आधी रागच आला. एकदा तोंडाने म्हणाला असतात, "वृंदा, बस शेजारी, आता हा तू कर," तर काय बिघडलं असतं? आठ संक्रांती मी विचारलं. पावणेदोन वर्षं आपण एकाच लाकडावर काम केलं आणि एक दिवस शेजारी बसून केलं नाही. मग आठवलं की बोलले तर मीही नव्हते. तुम्ही म्हणाला असतात तर तुमचा हात गेल्याचं तुम्हाला कबूल करावं लागलं असतं. मी म्हणाले असते तर मलाही ते तुमच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. आपण दोघांनी एकमेकांना ते म्हणू दिलं नाही. तुमचं घराणं शिलेदारांचं असलं तरी तुमच्याइतकी देखणी माघार मी कुणाची पाहिली नाही.

काल रविवार होता. सकाळी अकराला मी ईराला व्हरांड्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं. नेहाच्या करंड्यापासून रफीकभाईंपर्यंत.

"मतलब नेहाताईचा भी तूच केला?"

"अर्धा."

"आणि बाकीचे?"

"अर्ध्याहून जास्त."

तिने चकातल्या करंड्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "और मेरा?"

"तेच विचारायला बोलावलंय. तू म्हणशील तर असाच ठेवीन."

 ती पुढे झाली, गमछा काढला, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. "मी इथे उभी राहिले तर चलेगा ना?" मी म्हटलं, चष्मा लाव आणि लेथच्या रेषेत उभी राहू नको. दार उघडंच ठेवलं.

कुठला स्क्रेपर घ्यायचा यावर मी थोडा वेळ घुटमळले. शिसवी कडक, खड्डा खोल, आत हात लांब जाणार. परदेशी पोलादाची धार जास्त टिकली असती, पण एवढं आत पोचायला तो आखूड होता, थरथरला असता. काळा पट्टाच घेतला. दगडावर एकदा फिरवला, मग दांडीने कड वळवली, अंगठा वर ओढून पाहिला. अडकला. टूल रेस्ट होईल तेवढा करंड्याच्या तोंडाजवळ घेतला. आत कोरताना हत्यार मध्यापेक्षा किंचित वर ठेवायचं, अडकलंच तर लाकडात घुसण्याऐवजी मोकळ्यात जातं, हे तुम्हीच सांगितलेलं. लेथ सुरू केला.

पहिल्या वेढ्याला खडखड झाली, तुमच्या खाचांवरून पट्टा उड्या मारत होता. मग हळूहळू खडखड कमी झाली. कीस यायला लागला, जांभळट, तलम. मधेच नुसती भुकटी पडायला लागली, तेव्हा थांबून कड पुन्हा वळवली. बारीक खाचा पंधरा मिनिटांत गेल्या. राहिला तो एक खड्डा. भिंतीतला एक खड्डा घालवायचा तर त्याच्या तळापर्यंत सगळीच भिंत उतरवावी लागते. मी उतरवत होते आणि दर वेळी थांबून बोटांच्या चिमटीत जाडी बघत होते. खड्डा होताच. पुन्हा उतरवलं. अजून होता.  आणखी थोडी पातळ झाली तर पट्टा आरपार जाणार आणि तुमचा शेवटचा करंडा माझ्या हातात फुटणार.

ईरा म्हणाली, "आई, बस कर ना. इतना रहने दो. आजोबांची खूण राहील."

मी लेथ थांबवला. तो उरलेला खड्डा नखाएवढा होता, ठेवला असता तर कुणाला दिसलाही नसता. पण मला वाटलं, ही खूण राहावी म्हणून तुम्ही एवढं लाकूड ठेवलं नव्हतं. दोन वर्षं तुम्ही रोज सकाळी बोट घालून बघत होतात ते ती गेली आहे की नाही, हेच. मी ईराला म्हटलं, "नाही. ही जायला हवी." आणि पुन्हा लेथ सुरू केला. श्वास रोखून, हत्याराच्या वजनाखेरीज काही न लावता, तीन वेळा टेकवलं.

लेथ बंद करून आत बोट घातलं. सगळीकडे फिरवलं. कुठेच अडकलं नाही. ईराने करंड्याच्या आत मोबाईलचा दिवा धरला आणि म्हणाली, "अरे, उजाला दिख रहा है." तुमच्या जुन्या करंड्यांसारख्या भिंतीतून रेषा दिसत होत्या, तितकीच जाडी उरली होती, ना कमी ना जास्त. तुमचा हात किती चुकेल हे तुम्हाला आधीच पक्कं माहीत होतं, आणि माझा किती चालेल, तेही.

लाकूड पुरलं, बाबा.